खानापूरचं गाडगं, दही आणि आंबील : पाच महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत खानापूरला गेलेलो तेव्हा दोन गाडगी आणली, एक दह्याला आणि एक मोठं आंबिलीला, दोन्ही मिळून ३५० रुपये. आमच्या बेळगाव भागात खानापूरची माती म्हणजे जुनं नाव, घरावरची कौलं पण तिकडनंच यायची, म्हणून ऑनलाईन बघितलंच नाही.

दह्याचं आधी सांगतो, कारण पैसे तिथंच वसूल झाले. मे महिन्यात स्टीलच्या डब्यातलं दही दुपारपर्यंत आंबट ढाण व्हायचं आणि वर पाणी सुटलेलं. गाडग्यात जादाचं पाणी माती ओढून घेते, ते बाहेरनं उडत राहतं त्यामुळं आत गारवा राहतो, आणि दही असं लागतं की सुरीनं कापावं.

आंबिलीत मात्र आम्ही महिनाभर चुकलो. नाचणीचं पीठ रात्री थोडं ताक घालून भिजवायचं, सकाळी शिजवायचं इथवर बरोबर, पण गरम असतानाच वरचं ताक ओतत होतो. ते फाटायचं, आणि पोटाला चांगले असणारे ताकातले जंतू उष्णतेनं मरतात ते वेगळंच. शेजारच्या अक्कांनी (त्या अंबली म्हणतात) सांगितलं, पूर्ण निवू दे मग ताक, लसूण, जिरं. आता बाबा रोज अकरा वाजता पेलाभर पितात, तो चहा बंद झाला, जळजळ बरीच कमी आहे. आंबिलीनं की चहा सुटल्यानं ते नक्की सांगता येणार नाही, गोळी डॉक्टरांना विचारूनच कमी केली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यांच्या वयाला तेही हवंच की.

त्रास पण झाला. मोठं गाडगं पहिल्याच दिवशी पाझरलं, बदलून देतो म्हणालेला विक्रेता नंतर फोनच उचलेना, दुसरं घ्यावं लागलं. एकदा साबणानं घासलं तर दोन दिवस दह्याला साबणाचा वास, कारण माती सगळं पिते. आता फक्त गरम पाणी आणि नारळाची शेंडी. आणि जूनपासून ऊनच नाही, आत काळे ठिपके आले, टाकूनच दिलं ते दही, तेव्हापासून शेगडीजवळ खडखडीत वाळवल्याशिवाय दूध घालत नाही.

घेणार असाल तर आतनं चकचकीत लेप दिलेलं नको, काही लेपात शिसं असतं आणि ते आंबट पदार्थात उतरतं. साधं घ्या, घरी आणल्या आणल्या पाण्यानं भरून रात्रभर कोरड्या ताटात ठेवा, ओल येणार पण सकाळी ताटात पाणी साठलेलं दिसलं तर त्याच दिवशी परत न्या.