दीड किलोच्या रोबोत सात महिने चाललेला ईएससी

मार्चात घेतलेल्या ईएससीने (मोटरांचा वेग ताब्यात ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ऑक्टोबरात मान टाकली. मारला मीच, ते पुढे येईलच. दोन चॅनल, ब्रशवाल्या मोटरांसाठी, चॅनलमागे १० अँपिअर, तीन सेलच्या लिपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) चालणारा. फोंड्यात मी आणि भाचा मिळून दीड किलोचा लढाऊ रोबो खेळवतो, त्याची दोन्ही चाकं याच्यावर. ड्रमच्या (समोर गरगरणाऱ्या हत्याराच्या) ब्रशलेस मोटरचा ईएससी वेगळा, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

घेण्याआधी हिशेब केला होता. मोटरचा रोध मल्टिमीटरवर १.८ ओम. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे मोटर जाम झाली तरी ७ अँपिअर. १० पुरेसे. तरी पहिल्याच महिन्यात रोबो भिंतीला लावून ढकलला की चाकं थबकायची. "मामा, परत मेला हा!" हे इतक्यांदा ऐकलं की ईएससी परत पाठवायला खोक्यात भरलासुद्धा होता.

शेवटचं एकदा मोजू म्हटलं. ड्रमचा पट्टा काढला (हे कधीच विसरू नका, बोटं दहाच असतात), रोबो भिंतीला टेकवून भाच्याला स्टिक पुढे धरायला सांगितली. बॅटरीच्या टोकाशी ११.४ व्होल्ट, ईएससीच्या पॅडवर ९.३. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? कनेक्टरच्या जोडाला बोट लावलं आणि चटका बसला. सोल्डर वरून चकचकीत, आत तार जवळजवळ सुटी. हा ईएससी सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली, म्हणजे ९.६ ला, बॅटरी संपली समजून मोटरा बंद करतो. बिचारा आपलं काम करत होता. जोड नव्याने केला, रोग गेला.

मे महिन्यात स्टिक पुढे ढकलली की एकच चाक फिरायला लागलं. ट्रान्समीटरवर मिक्सिंग (एका स्टिकचा हुकूम दोन्ही चाकांत वाटणं) चालू, ईएससीवरही चालू. एक बंद केलं.

खरी तक्रार पावसाळ्यातली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात, घरात माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची गडबड चाललेली, आणि डावं चाक मध्येच झटके देऊ लागलं. रोबो चिऱ्यावर ठेवून चाकं अधांतरी केली आणि दोन्ही मोटरांच्या तारा अदलाबदल केल्या. आता उजवं चाक झटके देऊ लागलं, म्हणजे मोटर ठीक, दोष डाव्या चॅनलचा. हीट श्रिंक (बोर्डावरचं प्लास्टिकचं घट्ट वेष्टण) फाडलं तर सिग्नलच्या तारेच्या पॅडवर हिरवट बुरशीसारखा गंज. सोल्डरिंगनंतरचा फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) कारखान्यात पुसलेलाच नव्हता, आणि आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याने ओल धरली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, तार पुन्हा सोल्डर, वरून कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) पातळ हात. त्यानंतर एकही झटका नाही. पण एवढं काम गिऱ्हाइकाने का करावं?

मरण मात्र माझ्या आळसामुळे आलं. मोटरची तार अॅल्युमिनियमच्या चॅसीच्या कडेवर घासते हे दिसत होतं, "उद्या टेप लावू" म्हणत राहिलो. एका टकरीत दोन्ही तारा सोलून चॅसीला टेकल्या, धूर निघाला. बॅटरी काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप) तपासलं: डाव्या मोटरच्या पॅडपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत बीप. उजवीकडे गप्प. मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट, विषय संपला. अशा संशयास्पद बोर्डाला थेट लिपो जोडू नका. मी मध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घालतो. मोटरा बंद असताना तो लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, आणि करंट बल्बच अडवतो.

तरी पुन्हा हाच घेतला. या किमतीत चाकांवरचा ताबा इतका मऊ दुसऱ्या कशात मिळाला नाही. नवा नग आला त्या संध्याकाळीच हीट श्रिंक फाडलं. वॉरंटी गेली. पॅडवर तोच चिकट पिवळा थर होता.