चौकोनाचौकोनाने विणलेलं क्रोशाचं चित्रांचं ब्लँकेट: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यावर

विणून झाल्या झाल्या फोटो सगळेच टाकतात, तेव्हा ते सुंदरच दिसतं. पुढे ते ब्लँकेट चार वर्षांच्या पोरीच्या हातात गेलं, फरशीवर फरफटलं, वरणात बुडलं, मशीनमध्ये फिरलं की काय उरतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आमच्याकडे नाशिकला थंडी सुरू होताना ते वापरात आलं, आता पावसाळा अर्धा झालाय आणि अजूनही रोज लागतं.

आधी माप सांगते. आडवे ५, उभे ६ असे ३० चौकोन, प्रत्येक ७ इंचाचा, किनार धरून साधारण ३६ बाय ४३ इंच, वजन पाऊण किलोच्या आसपास. वरच्या ओळीत सूर्य, ढग, पोपट, पतंग, चंद्र. खाली घरं आणि झाडं. मग एक पूर्ण ओळ रस्ता, त्यावर दोन चौकोनांत मिळून एक लालपरी, शिवाय रिक्षा, स्कूटर आणि पाण्याचा टँकर (टँकर लेकीची फर्माईश, आमच्या सोसायटीत तो जवळजवळ घरचाच आहे). त्याखाली शेत, गाय, द्राक्षांचा घड, कांदे वगैरे आणि शेवटच्या ओळीत पाणी, मासे, बेडूक, खेकडा.

सगळं मुक्या खांबात (क्रोशाचा एक बुटका, घट्ट टाका) विणलंय. पुष्कळ जणींनी सांगितलं की ग्रॅनी स्क्वेअर (जाळीदार चौकोन) कर, पटकन होईल, आणि ते खरंच पटकन होतं, पण जाळीच्या भोकांत मुलांची बोटं अडकतात, पायाचा अंगठा तर हमखास, आणि चित्रही नीट उठत नाही. मुका खांब भरीव बसतो, एक टाका म्हणजे ग्राफवरचं एक घर. फक्त एक लक्षात ठेवा, मुका खांब उंचीला थोडा बुटका असतो, म्हणजे शाळेच्या चौकटीच्या वहीवर गोल सूर्य काढून तसाच विणला तर तो वरून दाबल्यासारखा येतो. ८ प्लायची लोकर आणि साडेचार मिमीची क्रोशाची सुई घेऊन माझ्या हाताने ७ इंचात २६ टाके बसतात आणि ओळी ३१ लागतात, म्हणून ग्राफच मुळात २६ बाय ३१ चा काढायचा. तुमचा हात घट्ट असेल तर आकडे बदलतील, एक नमुना विणून मोजून घ्या. ४ च्या सुईने विणलं तर चित्र जास्त रेखीव येतं खरं पण कापड कडक होतं, पायपुसणं पांघरल्यासारखं वाटतं. साडेचारवर ते अंगावर पडतं, आणि पहिल्या काही धुण्यांनंतर अजून मऊ होतं.

आता मुख्य मुद्दा. या ब्लँकेटचं आयुष्य मागच्या बाजूवर आहे. समोरचं चित्र ग्राफ बघून कोणीही विणेल, टिकतं की नाही ते मागे काय केलंय त्यावर ठरतं. एका चौकोनात चार ते सहा रंग, प्रत्येक रंगाची दोन टोकं, म्हणजे चौकोनामागे आठ ते बारा टोकं आणि ३० चौकोनांची मिळून ३०० च्या घरात जातात! ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत असते, एकाच दिशेने टोक ओवून कापलं की धुताना ते हळूहळू बाहेर येतं. सहा इंच टोक सोडायचं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे, मग परत उलट अशा तीन दिशांनी ओवायचं. मी प्रत्येक चौकोन झाला की लगेच त्याची टोकं लपवायचे, शेवटी एकत्र करू म्हणून ठेवलेली ब्लँकेटं लोकांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेली मी स्वतः बघितलीयेत. एवढ्या महिन्यांत माझी चार-पाच टोकं डोकावली असतील, ती परत आत ढकलली.

रंग बदलण्याचंही तसंच. आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढ नव्या रंगाने घ्यायचा, नाहीतर कडेला रंगांची सरमिसळ दिसते. आणि मागून लांब लांब धागे मोकळे सोडायचे नाहीत, मुलांची बोटं त्यात अडकतात आणि एका ओढीत समोरचं चित्र गोळा होतं. दोन-तीन टाक्यांपुरतं असेल तर धागा टाक्यांच्या आतून न्यायचा, त्याहून लांब असेल तर दुसऱ्या जागी वेगळी गुंडाळी लावायची. मी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरले, त्यावर थोडी थोडी लोकर गुंडाळायची, गुंता कमी होतो. पिवळ्या किंवा पांढऱ्याच्या आतून काळा धागा नेऊ नका, तो आतून दिसतो, जवळून बघितलं तर रिक्षाच्या टपाजवळ तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय.

चौकोन सुटे असण्याचा फायदा दोन प्रकारे झाला. एक म्हणजे ते पर्समध्ये मावतात, दवाखान्याच्या रांगेत, एसटीत, पाहुण्यांच्या गप्पांत कुठेही विणता येतात, आणि दुसऱ्यांकडूनही करून घेता येतात. आईने घरं विणली, मावशीने मासे. आता मावशीचा हात सैल आणि आईचा घट्ट, त्यामुळे एकाच ग्राफवरून एकीचा चौकोन पावणेसात इंच, दुसरीचा सव्वासात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चौकोनाला भोवती मुक्या खांबाची एक फेरी आणि त्या फेरीत टाके सगळ्यांचे सारखे, मग ओली करून पिना लावून मापात वाळवायची. तरी पाव इंच इकडेतिकडे राहतोच आणि जोडल्यावर कोणाला दिसतही नाही. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स नावाच्या ग्रुपने ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनेस रेकॉर्ड केलं होतं, तेही घरोघरी बायकांनी विणलेले तुकडे जोडून. त्यांनी मापाचं कसं जमवलं असेल याचा विचार मी मावशीचा खेकडा ताणून बसवताना खूप केला.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. चंद्राच्या चौकोनावर कोणीतरी (नाव घेत नाही, वय चार) कात्री चालवली. सलग विणलेलं असतं तर रडायची वेळ होती, इथे चारी बाजूची शिवण उसवली, नवा चंद्र विणला, बसवला. नवा चंद्र जरा जास्त उजळ आहे, बाकीचे धुऊन धुऊन फिके पडलेत, पण तिच्या मते तो पौर्णिमेचा आहे म्हणून. यासाठी मूळ रंगाचा (म्हणजे चित्रामागच्या रंगाचा) एक गुंडा बाजूला ठेवाच, आणि सुरुवातीलाच तो रंग एकाच लॉटचा एकदम घ्या. लेबलवर शेड नंबरसोबत लॉट नंबर असतो, तो वेगळा असेल तर दुकानात सारखे वाटणारे दोन निळे उन्हात वेगळे दिसतात.

जोडणीबद्दल, मी सुईने साधी वरवरची शिवण घातली, मूळ रंगातच. रस्त्याच्या ओळीत मात्र ओळीला ओळ जुळवून शिवायला लागलं, नाहीतर बस खड्ड्यात गेल्यासारखी दिसते (वास्तवाला धरून झालं असतं, पण नको). मुक्या खांबाने जोडलं तर वर उंचवटा येतो, तोही छान दिसतो, पण रस्त्यावर तो स्पीडब्रेकरसारखा आडवा येतो आणि इथे रोज गाड्या चालतात. हो, कारण पांघरायला कमी आणि खेळायला जास्त वापर आहे! छोट्या गाड्या त्या रस्त्यावर फिरतात, बेडकाला बिस्किट दिलं जातं, रोज रात्री कुठल्या तरी एका चौकोनाची गोष्ट सांगायची असते आणि टँकरच्या गोष्टी आता माझ्याकडच्या संपल्यात.

द्राक्षांचे मणी मी उठावाचे विणले होते. सगळ्यात लाडका चौकोन तोच आणि सगळ्यात वाईट अवस्थाही त्याचीच, मणी चिमटीत धरून ओढायची सवय लागलीय, दोन लोंबायला लागलेत. उठावाचं काम करायचं तर थोडंच करा आणि मागून पक्कं बांधा. डोळ्यांना बटणं किंवा मणी अजिबात शिवू नका, लहान मुलं ते तोडून तोंडात घालतात, माझ्याकडे गायीचे डोळेसुद्धा धाग्याचेच आहेत.

लोकर बेबी ॲक्रिलिक घेतली. कॉटन उन्हाळ्यात बरं असतं, पण एवढ्या आकारात फार जड होतं आणि पावसाळ्यात वाळतच नाही. ॲक्रिलिक एका दिवसात पंख्याखाली सुकतं. थंड पाण्यात, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून मशीनच्या हलक्या सायकलवर धुते आणि आडवं पसरून वाळवते, दोरीवर टांगलं की ओल्या वजनाने लांबतं. हळदीचे डाग साबणाने फिके झाले, उरलेले उन्हात गेले. इस्त्री मात्र बिलकुल नको, गरम इस्त्रीने ॲक्रिलिक मेणचटून मरतं आणि परत पहिल्यासारखं होत नाही. कडेच्या चौकोनांवर गोळे आलेत, ते काढायचं छोटं मशीन मिळतं, महिन्यातून एकदा फिरवते.

ऊब भरपूर आहे, कधी कधी जास्तच. जानेवारीत निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात त्या दिवसांत उत्तम, पण मार्चनंतर अंगावर घेतलं की घाम येतो कारण ॲक्रिलिक हवा खेळू देत नाही. उन्हाळाभर ते जमिनीवर खेळायची सतरंजी होतं.

बारशाला द्यायला करू का असं बऱ्याच जणी विचारतात. करा, पण बाळाच्या अंगावर घालून झोपवायला नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स पहिलं वर्षभर झोपायच्या जागी सुटी पांघरुणं ठेवूच नका असं सांगते. वर्षाचं होईपर्यंत भिंतीवर टांगा किंवा जागेपणी समोर बसून पोटावर खेळवायला खाली अंथरा.

खर्च म्हणाल तर नुसत्या लोकरीच्या पैशात बाजारातलं छापील कार्टूनचं ब्लँकेट आरामात येतं, वर थोडे पैसे उरतात. पहिल्यांदाच करत असाल तर ३० च्या फंदात पडू नका, १२ चौकोनांचं पाळण्याच्या मापाचं करा, त्यात एक रस्ता आणि एक गाडी असली म्हणजे झालं. लालपरीचा ग्राफ कोणाला हवा असेल तर देते. ऑर्डर घेतेस का विचारू नका, नाही घेत.