जिना चढणारी ट्रॉली: पावसाळा ते उन्हाळा वापरून

आमची इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि पोळीभाजीचं काम दुसऱ्या मजल्यावर. गव्हाचे 30 किलोचे कट्टे, तेलाचे 15 किलोचे डबे, कांद्या-बटाट्याच्या गोण्या, सगळं जिन्यानंच. हमाल मजल्यामागे पैसे घेतो त्याबद्दल तक्रार नाही, पण सकाळी साडेसहाला तो सापडत नाही. म्हणून घडीची लोखंडी ट्रॉली घेतली, दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं असलेली. अडीच हजारांच्या आत मिळाली.

सपाटीवर प्रत्येक बाजूची दोनच चाकं टेकतात. चाक पायरीला अडलं, की तिन्ही चाकांचा संच फिरतो आणि वरचं चाक पुढच्या पायरीवर बसतं. वजन कमी होत नाही हां, ओढायचं तुम्हालाच असतं. फक्त ते दर पायरीला टेकतं, त्यामुळे दम खाता येतो आणि कंबर वाकवावी लागत नाही. चढताना आपण वर, माल खाली, तोंड मालाकडे. उतरतानाही आपण वरच. ट्रॉलीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, मदतीलासुद्धा नाही.

घेण्याआधी टेप घेऊन जिना मोजा. आमची पायरी सात इंच उंच आहे, म्हणून जमतं. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरांच्या जिन्याला 190 मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसात इंच, ही कमाल उंची आहे. जुन्या वाड्यांना ती कोण विचारतो! मावशीच्या वाड्यात नेऊन पाहिली. नऊ इंची लाकडी पायऱ्या, जेमतेम पाऊल मावेल एवढ्या रुंद. चाक उभ्या फळीला नुसतं घासत राहिलं, संच फिरलाच नाही. वळणावरची जागाही बघा. आमच्याकडे कट्टा आडवा ठेवला तर कठड्याला अडतो, उभाच बांधावा लागतो.

उतरताना खरी परीक्षा. दर पायरीला दणका बसतो, दुपारी तर अख्ख्या जिन्यात धाडधाड. पोळ्या आणि सुकी भाजी मजेत जाते. आमटीचे डबे मात्र अजून हातानंच नेतो, झाकण कितीही घट्ट लावलं तरी पाझरतात.

सोबत आलेल्या लवचीक दोऱ्या पहिल्याच महिन्यात सैल पडल्या. आता टेम्पोवाले वापरतात तसा खटक्याचा पट्टा आवळते, तेलाच्या डब्याला दोन ठिकाणी. चाकांवरचं रबर दोन जागी उकललंय आणि खालचं कडक प्लॅस्टिक कडप्प्याच्या कडेला लागतं. त्यावरून सेक्रेटरींनी एकदा टोकलंही. बेअरिंगला मात्र महिन्याकाठी ग्रीसचं बोट लावलं की कुरकुर थांबते.

ट्रॉलीच्या खोक्यावर 70 किलो लिहिलंय. सपाटीवर तेवढं जात असेल. जिन्यावर मी एक कट्टा आणि एक डबा यापुढे जात नाही. बॅटरीवर चढणारीही मिळते, पण तिची किंमत कित्येक पट आहे, आणि ती स्वतःच इतकी जड की ठेवायला तळमजल्यावर जागा हवी. घेणार असाल तर दुकानात आधी सुटी चाकं मिळतात का ते विचारा. माझ्या दुकानदाराकडे नाहीत.