कामाचा लॅपटॉप आणि फोन : कुठलं सेटिंग आधी लावायचं?

दुरुस्तीला आलेला एक बंद लॅपटॉप मी मागे उघडला होता. मालकाने पासवर्ड सांगितला नव्हता आणि मला तो लागलाही नाही. खालचे स्क्रू काढले, बोटभर लांबीची डिस्क बाहेर घेतली, एका छोट्या केसमध्ये बसवली आणि यूएसबीने माझ्या कॉम्प्युटरला जोडली. परवानगीच्या खिडकीत एकदा ‘कंटिन्यू’ दाबलं आणि पगारपत्रकं, करारांच्या प्रती, लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो, सगळं समोर उघडं. पासवर्ड चांगला बारा अक्षरी होता, असं नंतर कळलं.

तेव्हापासून ऑफिसची यंत्रं सुरक्षित करायची म्हणून कुणी विचारायला आलं की मी अँटीव्हायरसपासून सुरुवात करत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच असतो, बहुतेकांचं त्यावर भागतं. पहिला प्रश्न हा, की यंत्र दुसऱ्याच्या हाती पडलं तर आतलं काय काय वाचता येईल?

पासवर्ड आणि एन्क्रिप्शन

पासवर्ड विचारतं ते विंडोज. डिस्क बाहेर काढली की विचारणारं कुणी उरत नाही. एन्क्रिप्शन असेल तर डिस्कवरचा मजकूरच किल्लीशिवाय निरर्थक असतो. त्यामुळे ‘दोन्हींपैकी एक’ असा पर्याय इथे नाही. निवड करायची ती कुठल्या प्रकारचं एन्क्रिप्शन घ्यायचं याची.

विंडोजच्या घरगुती आवृत्तीत, म्हणजे विंडोज होममध्ये, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाचं एकच बटण असतं, तेही यंत्र त्यासाठी पात्र असेल तर. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ते दिसलं नाही, तर तुमच्या यंत्राला ती सोय नाही असं समजा. व्यवसायासाठीच्या विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर हे मायक्रोसॉफ्टचं पूर्ण एन्क्रिप्शन मिळतं : रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडणारी किल्ली, कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवता, पेनड्राइव्हही कुलूपबंद करता येतो, विंडोज सुरू होण्याआधी पिन मागायला लावता येतो. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू केलं की काम झालं. आयफोनला पासकोड लावला की त्यातली माहिती आपोआप त्या पासकोडशी बांधली जाते. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्येही एन्क्रिप्शन मुळातच असतं. म्हणजे फोनची बाजू बरीचशी सांभाळलेली असते, उघडा राहतो तो लॅपटॉप.

एकट्याने काम करत असाल तर होममधलं बटण पुरे, असं माझं मत. पण चार-पाच यंत्रं असतील आणि त्यावर ग्राहकांची माहिती असेल, तर प्रो घ्या. कारण साधं आहे. होममध्ये किल्लीची प्रत, ज्याने साइन-इन केलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. ते खातं कर्मचाऱ्याचं वैयक्तिक असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर ऑफिसच्या लॅपटॉपची किल्ली त्याच्याबरोबर गेली.

किल्ली कुठे ठेवायची

बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. एरवी तिची आठवणही येत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा कधी फर्मवेअर (यंत्राच्या भागांतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की सकाळी सकाळी निळी स्क्रीन येते आणि ते ४८ अंक मागते. माझ्या ओळखीच्या एका बाईंवर ही वेळ आली. त्यांनी किल्ली जपून ठेवली होती, पण ‘प्रिंट’ निवडून पीडीएफ केली होती आणि ती पीडीएफ त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर होती. फोनवर त्या मला फाइलचं नाव, फोल्डर, तारीख सगळं अचूक सांगत होत्या. उघडता मात्र येत नव्हती. बॅकअप होता तो दोन महिन्यांपूर्वीचा.

किल्ली खात्यात ठेवायची की कागदावर? दोन्हीकडे ठेवा. खातं हातचं गेलं तर कागद, कागद हरवला तर खातं. कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको.

पिन, पासवर्ड, बोटाचा ठसा

चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता, सहा अंकीच्या १० लाख. फोनला सहा अंकीच लावा. विंडोजमध्ये मात्र लोकांना उलटं वाटतं : लांब पासवर्ड सोडून छोटा पिन कशाला? कारण हॅलोचा (विंडोजच्या साइन-इन सोयीचा) पिन त्या एका यंत्रापुरताच चालतो. तो कुणी पाहिला तरी यंत्र हातात असल्याशिवाय उपयोग नाही. खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर जगाच्या पाठीवर कुठूनही चालवून बघता येतो. रोजच्या वापराला पिन किंवा ठसा, आणि पासवर्ड क्वचितच टाकायचा म्हणून चांगला लांब ठेवायचा.

ठशाचा मला दिसणारा मोठा फायदा म्हणजे चारचौघांत पिन टाकावा लागत नाही. पिन पाहून मग फोन पळवणारे असतातच. त्यासाठी आयफोनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १७.३ पासून ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे. ते चालू असेल तर अनोळखी ठिकाणी ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा ठसा लागतो आणि वर एक तास थांबावं लागतं. अँड्रॉइडमध्ये फोन हिसकावल्यासारखी हालचाल ओळखून स्क्रीन लॉक करण्याची सोय आहे. तीही चालू करा.

आता तुमचा फोन टेबलावर उताणा ठेवा आणि कुणाला तरी ओटीपी पाठवायला लावा. लॉक न उघडता तो वाचता आला, तर वर सांगितलेला सहा अंकी पिन त्या ओटीपीपुरता वाया गेला. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर लपवा. सिमलाही पिन लावा, नाहीतर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की ओटीपी तिकडे येतात. सिमचा मूळ पिन अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कोड) मागितला जातो, म्हणून आधी कंपनीकडून विचारून घ्या.

अपडेट : आपोआप की सवडीने

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक भगदाड १४ मार्च २०१७ ला बुजवली. तिच्यातूनच फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय घुसला, तो १२ मे ला. जवळजवळ दोन महिने औषध हाताशी होतं आणि तरी देशोदेशीची रुग्णालयं, कारखाने बंद पडले. ‘सवडीने करू’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. एखादं जुनं सॉफ्टवेअर बिघडेल अशी खरीच भीती असेल तर त्या एका यंत्रापुरतं आठवडाभर थांबा, बाकी सगळीकडे आपोआप. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा त्यावर चालणारी यंत्रं आधी हाताळा. सुरक्षा अपडेट यायचे थांबलेला फोन कामाला नकोच.

स्वतःचा फोन की वेगळा फोन

वेगळा फोन ऐकायला निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात तो खणात पडून राहतो, चार्ज नसतो, अपडेट रखडलेले असतात आणि कामाचे मेसेज पुन्हा घरच्या फोनवर येऊ लागतात. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल, म्हणजे त्याच फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा, हा मला जास्त टिकणारा मार्ग वाटतो. कामाच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसते, ऑफिसला तुमचे घरचे फोटो दिसत नाहीत आणि नोकरी सुटली तर फक्त कामाचा कप्पा पुसला जातो. त्यासाठी ऑफिसकडे उपकरणं सांभाळणारी यंत्रणा हवी. ती नसेल तर वेगळा फोन घ्या, पण त्याची जबाबदारी एका माणसावर नाव घेऊन टाका.

रोजचं काम यंत्रात हवे ते बदल करू देणाऱ्या ॲडमिन खात्यावरून करायचं की साध्या, यात तुलना करण्यासारखं काही नाही. साध्याच.

हरवल्यावर

फोन दुरून पुसता येतो, आयफोन ‘फाइंड माय’मधून, अँड्रॉइड गूगलच्या ‘फाइंड हब’मधून. पण तो इंटरनेटला जोडला गेला तरच. विंडोजचं ‘फाइंड माय डिव्हाइस’ जागा दाखवतं आणि लॉक करतं, पुसत मात्र नाही. म्हणून लॅपटॉप हरवला तर नंतर करण्यासारखं फार थोडं उरतं. एन्क्रिप्शन आधीच चालू असेल तर चोराने वायफाय लावलं काय आणि न लावलं काय, डिस्क बंदच राहते.