कॅट-क्यू प्रश्नावली: बडोद्यातल्या मराठी बायकांना कितपत उपयोगी?

हळदीकुंकवाला समोरचीच्या डोळ्यांत न बघता तिच्या कुंकवाकडे बघत बोललं, तर तिला फरक कळत नाही. "मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत" असे चार प्रश्न घरूनच पाठ करून निघायचं, हसू धरून ठेवायचं, आणि परत आल्यावर दिवा न लावता दोन तास पडून राहायचं. मोठ्या बायकांमधला ऑटिझम वर्षानुवर्षं निसटतो तो असा. आपलं वेगळेपण असं लपवण्याला मास्किंग म्हणतात, आणि कॅट-क्यू (कॅमफ्लाजिंग ऑटिस्टिक ट्रेट्स क्वेश्चनेअर) तेच मोजते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी ती २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. फुकट मिळते. २५ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण २५ ते १७५. नऊ विधानं दुसऱ्यांचं बघून शिकलेल्या युक्त्यांबद्दल, आठ स्वतःला लपवण्याबद्दल, आठ ओढूनताणून मिसळण्याबद्दल. पाच विधानांचे गुण उलटे धरायचे असतात (७ ला १, ६ ला २). हाताने बेरीज करताना हमखास इथेच चुकतं.

खरी अडचण बडोद्यात वेगळीच येते. घरात मराठी, बाजारात आणि ऑफिसात गुजराती. परक्या भाषेत बोलताना कुणीही थोडं सावध असतंच, त्यामुळे ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून भरलं तर गुण फुगतात. दांडिया बाजारातल्या आपल्याच नातेवाइकांच्या गोतावळ्यात काय होतं, ते आठवून भरा. सासरचंही तसंच: नव्या घरात प्रत्येक सून जपून वागते. ऑटिझम लहानपणापासून असतो, म्हणून शाळेतही असंच होतं का, हे स्वतःला विचारा.

जास्त गुण म्हणजे निदान नव्हे. लोक काय म्हणतील या भीतीनेही ते वाढतात. उलट, जी लहानपणापासून लपवत आली तिला आपण लपवतोय हेच कळत नाही, आणि गुण कमी येतात. शिवाय ही प्रश्नावली फक्त लोकांत वागण्याबद्दल विचारते. गरब्याचे स्पीकर, कुकरची शिट्टी, ब्लाउजची टोचणारी शिवण, ठरलेला क्रम मोडला की होणारी घालमेल, यांबद्दल एक अक्षर नाही. आवडीच्या विषयाबद्दलही नाही. मुलींचा विषय चारचौघींसारखाच असतो, मालिका किंवा रविवर्म्याची चित्रं. वेगळी असते ती त्यात बुडण्याची खोली. म्हणून आमचे गुण: तपासणीच्या तयारीसाठी पाचपैकी चार, निदानासाठी शून्य.

भारतात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण, ७० पासून पुढे सौम्य ऑटिझम. तिचा भर दिसणाऱ्या वागण्यावर आहे, त्यामुळे नीट कपडे करून, नजर सांभाळून, नम्रपणे उत्तरं देणारी बाई तिथे ७० च्या खाली राहू शकते. याचंच आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ती नजर सांभाळायला किती ताकद गेली हे कागदावर कुठेच उमटत नाही.

म्हणून कॅट-क्यूचा नुसता आकडा घेऊन तपासणीला जाऊ नका. जिथे ६ किंवा ७ दिलेत, त्या प्रत्येक विधानासमोर एक प्रसंग लिहा: कुठे, कोण होतं, नंतर किती वेळ पडून राहावं लागलं. प्रश्नावलीत न आलेले आवाज, स्पर्श, क्रम यांचं एक वेगळं पान जोडा. शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. "शांत, समंजस, मिसळत नाही" असे शेरे कामाचे असतात. आई असेल तर तिला बरोबर न्या, पाच वर्षांच्या आतलं तीच सांगेल. चिंता किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद न करता यादी दाखवा. आणि वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा आधी विचारा: तुमच्याकडे मोठ्या बायकांची तपासणी होते, की फक्त मुलांची?