इतवारीतील सुक्या मेव्याचे दुकान आणि आमचा नवरोज

इतवारीच्या किराणा ओळीतील ज्या दुकानातून आमच्या घरी वर्षानुवर्षे नवरोजचे, म्हणजे इराणी नववर्षाचे, सामान येते, त्याविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते. माझे आईवडील इराणमधील शिराझहून शिक्षणासाठी भारतात आले आणि १९७९ च्या क्रांतीनंतर नागपुरातच स्थायिक झाले. त्यामुळे घरात फारसी आणि दाराबाहेर मराठी बोलतच आम्ही भावंडे वाढलो. पाडव्याला शाळेला सुटी असे, पण त्याच सुमारास, २० किंवा २१ मार्चला, सुरू होणारे आमचे नवे वर्ष वर्गात कोणाच्या गावीही नसे.

हफ्त-सीन म्हणजे नवरोजला मांडायच्या, फारसीत ‘सीन’ (स) या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू. त्यांतील लसूण, सफरचंद, सिरका कोठेही मिळतो. अडते ते सुमाक (आंबट लाल मसाला) आणि सेंजेद (बोरासारखे सुके फळ) यांपाशी. पूर्वी सेंजेद मिळाले नाही की आई सुकी बोरे मांडत असे, आणि आम्हा मुलांना तीच खरी वाटत. आता हे दुकान मार्चच्या आरंभी दोन्ही मागवून ठेवते, याचे मोल आमच्यासारख्या घरांनाच कळेल.

येथील झरेश्क विशेष चांगले. ही आंबट फळे जुनी झाली की काळपट पडतात. येथे ती लालभडक असतात आणि दुकानदार काका आधी चार दाणे हातावर ठेवून चाखायला लावतात. बदाम आणि पिस्तेही उत्तम. मृग बहराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. आई त्यांच्या सालींचा आतला पांढरा भाग खरवडून, बारीक कातरून, दोन-तीन पाण्यांत उकळून कडूपणा घालवते आणि केशर, बदाम, पिस्त्यांसह त्या शिरीन (गोड) पुलावात घालते. शाळेत मैत्रिणी हा पुलाव साखरभात समजून आवडीने खात, झरेश्कच्या पुलावाकडे मात्र संशयाने पाहत. शेवटी मी तो डब्यात नेणेच सोडले. आज माझी मुलगी तोच डबा हट्टाने नेते.

तक्रार एकच आहे. इराणमधील बम शहराचा मझाफती जातीचा खजूर मऊ आणि ओलसर असल्याने थंड जागी ठेवावा लागतो, पण येथे तो मार्चच्या उन्हाळ्यातही बाहेरच रचलेला असतो आणि कधी कधी आंबूस लागतो. खजूर चाखूनच घ्यावा. सेंजेद मात्र लवकर संपते, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे.