स्नोमोबाईलचा नवा स्टिअरिंग दांडा: दांड्याला पैकीच्या पैकी, बुशला शून्य

स्नोमोबाईलचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचं, हँडल डावीकडे वळलं आणि पुढच्या दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या फळ्या, सरळच गेल्या. वेग चालत्या माणसाइतका होता. मशीन उभी केलेल्या जागेवरून मी नुकती निघाले होते, म्हणून समोरच्या मऊ बर्फाच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली. दहा मिनिटांनी, मोकळ्या उतारावर हेच झालं असतं तर आज मी दांड्यांची तुलना करत बसले नसते. हँडल हातात गरागरा फिरत होतं, भांड्यातल्या रवीसारखं. बॉनेट उघडलं तर स्टिअरिंग पोस्ट, म्हणजे हँडलपासून खाली स्की वळवणाऱ्या टाय रॉडपर्यंत जाणारा पाईप (हाच तो दांडा), खालच्या टोकाशी दोन तुकडे.

परत आणायची गोष्ट आधी सांगते, कारण ती कुणाला तरी उपयोगी पडेल. ओढून न्यायच्या मशीनचा ड्राइव्ह बेल्ट आधी काढायचा, नाहीतर मशीनला ढकलणारा मागचा रुंद पट्टा फिरला की क्लचही फिरत राहतो. आणि दोर एका बाजूला न बांधता दोन्ही स्कींच्या कड्यांतून घ्यायचा, दोन्हीकडे सारख्या लांबीचा. मग स्की पुढच्या मशीनच्या मागे आपोआप वळतात. आम्ही दोघं असे रांगत रांगत परत आलो. नवरा पुढे, मी मागे, निरुपयोगी हँडल धरून. धरायचं कशाला, तर सवय!

मोडलेली कड घरी टॉर्चखाली पाहिली. गोल कडेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग काळपट, गंजलेला, त्यावर खोडाच्या कापावर असतात तशा बारीक वळणाच्या रेषा. उरलेला तुकडा ताजा, करडा, दाणेदार. अर्थ सरळ होता: हा पाईप त्या दिवशी मोडला नव्हता. खालच्या आर्मचा कान जिथे पाईपला वेल्ड केलाय, त्या वेल्डच्या अगदी कडेला चीर पडली होती आणि ती कित्येक दिवस पुढे सरकत होती. त्या दिवशी फक्त उरलेल्या चतुर्थांशाने हात टेकले. आणि मला पूर्वसूचना मिळाली नव्हती असंही नाही. आदल्या हंगामात हँडल पूर्ण वळवताना बारीक टक्‌ असा आवाज यायचा, आणि सरळ जाताना हँडल एका बाजूला किंचित तिरकं धरावं लागायचं. मी म्हटलं, दांडा ज्यांच्यात फिरतो ते बुश झिजले असतील, बघू उन्हाळ्यात. उन्हाळ्यात कोण बघतं स्नोमोबाईलकडे.

यात माझा आणखी एक हातभार होता. उभं राहून चालवायला सोपं जावं म्हणून मी हँडलखाली उंच रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा जोडभाग, घातला होता. हँडल जितकं वर, तितका तरफेचा हात लांब. त्यात मशीन भुसभुशीत बर्फात रुतली की आपण हँडलला धरूनच तिला उपसतो, आडवी झाली की हँडलला धरूनच उभी करतो. दांडा वळवण्यासाठी असतो, आपण त्याचं उचलायचं हँडल करतो. १९५९ साली क्युबेकमध्ये जोसेफ-आर्मान बोंबार्दिए यांनी स्की-डू बाजारात आणली, तेव्हापासून मांडणी हीच: मागे पट्टा, पुढे दोन स्की, हातात हँडल. हँडल आणि स्की यांच्यामध्ये भरवशाचं जे काही आहे ते हा एक पाईप.

पहिला उपाय मी स्वस्तातला केला, आणि तो चुकला. एका वेल्डरकडे दोन्ही तुकडे घेऊन गेले. त्याने टोकाला टोक लावून वेल्ड मारला, ग्राइंडरने घासून असा गुळगुळीत केला की जोड कुठे आहे ते बोटाला कळेना. "मूळ पाईपपेक्षा पक्कं झालंय आता," म्हणाला. दिसत होतंही तसंच. पण आतून आधाराची नळी नव्हती, आणि वरून वेल्डचा उंचवटा घासून टाकल्यावर तिथे जाडी तरी किती उरली? शिवाय वेल्डच्या दोन्ही बाजूंना तापून थंड झालेला जो पट्टा असतो, कमजोरी त्याच्यातच येते. मूळची चीर अशाच कडेवरून निघाली होती. भरीस भर, तुकडे जोडताना दोनेक अंशांचा पीळ पडला होता. हँडल सरळ तर स्की तिरक्या. ते मी टाय रॉड फिरवून जुळवून घेतलं. मूळ दोष तसाच ठेवून भलतीकडे दुरुस्ती केली.

अकरा दिवस चालवली. बाराव्या दिवशी मनात पाल चुकचुकली म्हणून डाय पेनिट्रंटचा संच आणला. तीन डबे असतात: एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल फवारून थांबायचं, पुसून काढायचं, वरून पांढरा फवारायचा. चीर असेल तर तिच्यात लपलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, वेल्डच्या खालच्या कडेला, नखाएवढ्या लांबीची. मी खुर्चीवर बसले. त्या अकरा दिवसांतले सगळे उतार आठवले.

म्हणून आता नवा दांडा. मूळ कंपनीचा नाही, बाहेरचा, माझ्या मॉडेलसाठी बनवलेला. पाकिटात दांडा, वरच्या बुशच्या दोन अर्ध्या वाट्या, चार बोल्ट, नट आणि सूचनांचा एक कागद. हे सगळं एका हंगामाच्या वापरानंतर लिहितेय, पाकीट फोडल्याच्या आनंदात नाही.

आधी दांडा. ४१३० क्रोमोलीचा आहे. या आकड्यातल्या ४१ चा अर्थ क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, आणि ३० म्हणजे साधारण ०.३० टक्के कार्बन. हे धातू चांगलं, पण घाईने वेल्ड केलं किंवा वेल्डनंतर पाणी मारून गार केलं तर ठिसूळ होतं, त्यामुळे लेबलापेक्षा मी वेल्ड बघितले. सुरेख आहेत. नाण्यांची चळत आडवी पाडावी तसे सारखे खवले, कुठेही कडेला खोबण नाही. आणि ज्या कानाशी माझा जुना मोडला, तिथे यांनी पाईपला कवेत घेणारी एक पट्टी जास्तीची दिलीय. म्हणजे हा भाग बनवणाऱ्याने मोडलेले दांडे पाहिलेले आहेत. काचेवर लोळवून बघितला, कुठेही उजेडाची फट दिसली नाही. जुन्याशेजारी ठेवून कानाचा कोन जुळवला, तोही बरोबर. तक्रार एकच: पावडर कोटिंग इतकं जाड की बोल्ट भोकांत शिरेनात. गोल कानस घेऊन भोकांतला रंग काढावा लागला. बुश जिथे बसतो तिथलाही.

आता बुश. यावर मी लांब लिहिणार आहे, कारण यानेच माझे दोन शनिवार खाल्ले.

गॅरेजमध्ये बसवले, ग्रीस लावलं, हँडल एका बोटाने फिरत होतं. खूश. मशीन बाहेर काढली, रात्रभर थंडीत ठेवली, सकाळी उणे अठरा. हँडल दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलेना. मला वाटलं ग्रीस घट्ट झालं. कमी तापमानाचं ग्रीस आणून सगळं पुन्हा उघडून भरलं. तेच. तिसऱ्यांदा उघडल्यावर डोक्यात उजेड पडला: बुश प्लास्टिकचा, दांडा पोलादाचा. थंडीत दोन्ही आकसतात, पण नायलॉनसारखं प्लास्टिक पोलादाच्या सहा-सातपट आकसतं. पंचवीस मिलिमीटरच्या भोकात गॅरेज ते बाहेर एवढ्या फरकाने मिलिमीटरच्या सात-आठ शतांशांचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण बुश मुळात घट्ट बनवला असेल तर तेवढ्यात तो दांड्याला आवळून धरतो. बर्फावर चालणाऱ्या यंत्राचा भाग बनवणाऱ्याने तो खोलीत बसून मापावा, याला काय म्हणायचं?

दांड्याच्याच जाडीच्या पाईपवर बारीक पॉलिशपेपर गुंडाळून वाट्या आतून घासल्या, धुतल्या, बसवल्या, बाहेर ठेवल्या, पुन्हा थोड्या घासल्या. चौथ्या फेरीत थंडीतही हँडल मोकळं झालं आणि उबेत खुळखुळलं नाही. तुम्ही हा संच घेणार असाल तर एक करा: बुश मूळ कंपनीचे घ्या, सोबतचे ड्रॉवरमध्ये टाका. घासायचेच असतील तर जुळणी थंडीत तपासा, गॅरेजमधल्या हलकेपणाला भुलू नका.

बसवण्याचं काम अवघड नाही, फक्त वाटेत येणारं सगळं काढावं लागतं. माझ्याकडे एअरबॉक्स आणि एक्झॉस्ट पाईपच्या स्प्रिंगा निघाल्याशिवाय खालचा बोल्ट दिसतही नाही. हँडल सोडवून बाजूला ठेवताना ब्रेकची ऑइलची डबी सरळ उभी राहील असं बांधा, आडवी झाली की हवा शिरते आणि मग ती हवा काढायला ब्रेक ब्लीड करत बसा. वायरी सोडण्याआधी फोटो काढा. गरम मुठींची वायर, थ्रॉटलची केबल, किल-स्विच, सगळं एकाच गुंत्यात असतं आणि आपल्याला वाटतं लक्षात राहील. नायलॉनचे लॉकनट एकदा सोडले की पुन्हा लावायचे नाहीत. या संचात नट नवे आहेत, पण वरच्या दोन जागांचेच. खालचे तुमचे तुम्ही आणा. कागदावर याबद्दल अक्षर नाही. टॉर्कचे आकडेही नाहीत, "नीट घट्ट करा" एवढंच. नीट म्हणजे किती, ते मी मशीनच्या पुस्तकातून घेतलं.

स्कींची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, कारण वेल्डच्या वेळचा पिळाचा हिशोब मी टाय रॉडमध्ये लपवला होता. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. दोन्ही चेकनट सैल केले की रॉड जागच्या जागी फिरवून लांबी बदलता येते. हँडल सरळ बांधलं, स्कींच्या टोकांना रबरी दोर गुंडाळून सगळा ढिलेपणा एकीकडे घेतला, पट्ट्याच्या कडेला सरळ पट्टी लावून मापलं. माझ्या पुस्तकात स्की पुढच्या बाजूला ३ ते ६ मिलिमीटर जास्त फाकलेल्या असाव्यात असं आहे. ४ वर ठेवल्या. हे एकटीने करताना पट्टी हजारदा पडते. नवऱ्याला बोलावलं, तर तो म्हणे, "डोळ्याला तर सरळ दिसतायत की." त्याच्या हातात पट्टी दिली आणि गप्प उभं केलं.

एक चाचणी मात्र कुणीही चुकवू नये. सगळं बसल्यावर मशीनची मागची बाजू स्टँडवर, पट्टा अधांतरी, इंजिन आयडलवर, आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्याकडे उजव्या टोकाला इंजिनचा आवाज चढला. थ्रॉटलची केबल नव्या दांड्याच्या जाड पट्टीमागून गेली होती आणि वळताना ताणली जात होती. म्हणजे उजवं वळण घेताना मशीनने आपणहून वेग घेतला असता. केबल पुढून घेतली, आवाज स्थिर झाला. चांगल्या पट्टीचा हा दुष्परिणाम, आणि कागदावर त्याचाही उल्लेख नाही.

हंगामभर चालवली. रायझर काढून टाकला, पाठ थोडी कुरकुरते. रुतली की आता हँडल सोडून पुढच्या बंपरला धरते. शेवटच्या फेरीनंतर दांडा उघडा करून तिन्ही डबे पुन्हा फवारले आणि पंधरा मिनिटं थांबले: पांढरं ते पांढरंच राहिलं. सगळे नट टॉर्क पान्याने तपासले, खालचा एक पाव आटा फिरला, बाकीचे हलले नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड बुशचा आणि त्या कागदाचा. विकणाऱ्याला थंडीतल्या घट्टपणाबद्दल सविस्तर लिहिलं होतं, मापांसकट. उत्तर आलं की ग्रीस लावून बघा.